रुमालाखालचा सौदा

वानखडे डॉक्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मलकापुरात कापसाच्या गाडीवरून एका व्यापाऱ्याशी भांडत होतो. फोन ठेवला आणि त्याने सांगितलेला भाव मुकाट्याने कबूल केला. तो बिचारा घाबरलाच…

शाळेपासूनच्या या दोस्तावर माझा राग आहे, अजूनही आहे. माझी लेक गौरी आठ वर्षांची. तिचा वरचा जबडा मागे राहिलेला, खालचे दात वरच्यांच्या पुढे यायचे. टाळूला पट्टी आणि तोंडासमोर चौकट बसवून रबरांनी जबडा हळूहळू पुढे ओढायचा, असा उपाय त्याने सांगितला. मी माझ्या सवयीने घासाघीस सुरू केली, "दहावी होऊ दे, मंग पाहू."

"हाड काय तुह्यासाठी थांबून राह्यलं का बे? वाढतं वय हाये तवरच ते ऐकते. मंग ऑपरेशनच."

चौकट आली, पण गौरी ती घालेना. "सगळे हसतीन मले," एवढंच म्हणायची. मी ओरडलो, तिने खोलीची कडी लावली. शेवटी तिला दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरने मलाच बाजूला सरकवलं. मी बैलबाजारातल्या दलालीतून वर आलेला माणूस. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायची तिथली रीत मीच त्याला कधीतरी सांगितली होती. त्याने खिशातला रुमाल गौरीच्या हातावर टाकला आणि आपलाही हात खाली घातला.

"बोल गौराबाई, रोज किती तास?"

रुमाल हलला. त्याने नकारार्थी मान हलवली. पुन्हा हलला… मग दोघंही हसले.

"किती ठरले?" मी विचारलं.

"तुले काऊन सांगू? सौदा आमचा हाये."

माझीच रीत, माझीच पोर आणि मीच बाहेर! तो आकडा मला न सांगताच हा माणूस गेला.

मागच्या आठवड्यात त्याच्या जागी आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. वरचे दात पुढे येऊ लागलेत, अजून काही महिने नेटाने घालायचं, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मेहकरकडे लग्न होतं. मी म्हटलं, "एक दिवस राहू दे, बेटा. डॉक्टरकाका तर आता नाहीत."

"म्हून सौदा मोडते का, बाबा?"

मांडवात ती चौकट लावून हिंडली. लोक वळून बघत होते. पंगतीत तिने ती जेवणापुरती काढली, हात धुतले आणि चारचौघांत पुन्हा रबरं अडकवली.