मामाजींची विहीर आणि माझं गणित

माझ्या सासऱ्यांना गावपंचायतीच्या निवडणुकीत त्यांच्या विरोधकाने पाडलं नाही, मी पाडलं.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात गणित शिकवायचो आणि सासुरवाडी सेलूची. सासरे, म्हणजे मामाजी, हेडमास्तरकीतून रिटायर झाले आणि लगेच पंचायतीला उभे राहिले. कारण एकच : वॉर्डात विहीर पाहिजे. सासूबाई पाण्यासाठी रोज पार नाल्यापलीकडे जायच्या. विहीर होईस्तोवर पायात चप्पल घालणार नाही, असं मामाजींनी चौकात सांगून टाकलं आणि अनवाणी घरोघर फिरू लागले. विरोधात होता किसन टेलर.

मामाजींचे तळपाय पाहून माझ्यातला गणिती जागा झाला. (तो झोपलेलाच बरा होता.) मत कसं सरकतं याचं मी गणित मांडलं. माणसं तीन प्रकारची : आपली, किसनची आणि काठावरची. दर रविवारी कोण कुठून कुठे सरकलं ते लिहायचं, त्यावरून पुढच्या रविवारचा अंदाज काढायचा, त्यावरून त्याच्या पुढचा. शेवटी आकडे एका जागी थांबतात. तोच निकाल!

वही घेऊन मी दारोदार गेलो.

"मत कोणाला देणार?"

"काय विचारता जावईबापू? तुमच्या सासऱ्याले नाई तं कोणाले देऊ? बसा, चहा घ्या."

दुसऱ्या घरी चहा आणि पोहे, तिसऱ्या घरी चहा, पोहे आणि खांद्यावर नवा दुपट्टा. पहिल्या रविवारी काठावर असलेला माणूस तिसऱ्या रविवारी मला पाटावर बसवून "तुमचेच" म्हणू लागला. खुद्द किसनने माझ्या शर्टाची बटणं शिवता शिवता सांगितलं, "माहं काय जावईबापू, उगीच उभा आहो. गावाचा जावई म्हणते तेच होईन." मी त्यालाही आपल्या रकान्यात टाकला.

(गावाच्या जावयाला तोंडावर कोणी नाही म्हणत नाही, हे माझ्या समीकरणात कुठेच नव्हतं.)

मतदानाला तीन दिवस उरले, तेव्हा मी मामाजींसमोर वही उघडली.

"आता घरी बसा. मतं स्थिर झाली आहेत. आणखी फिरलात तर हलतील."

"पण जावईबापू, मले विहीर पाहिजे. मी एक चक्कर मारून येतो."

"मामाजी, गणित आहे हे."

मास्तर माणूस. गणिताचा मान राखून तीन दिवस ओसरीवर बसला. हा आनंदाचा निकाल मी गल्लीत सगळ्यांना आगाऊ सांगितला. किसन मात्र तिन्ही दिवस फिरत होता.

मतमोजणी झाली. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. किसनची भरलेली निघाली, मामाजींची अर्धीमुर्धी. मी घरी येऊन पुन्हा गुणाकार तपासू लागलो. तेवढ्यात सासूबाई डोक्यावरची घागर उतरवत शांतपणे म्हणाल्या, "मी किसनच्या पेटीत टाकलं."

मामाजी उठून बसले. "काऊन?"

"जावईबापूच सांगून राह्यले होते ना, आपलं पक्कं आहे म्हणून. त्या बिचाऱ्याची पेटी रिकामी राह्यली असती. मले कसंतरी वाटलं."

चौकशी केली, तर अर्ध्या गल्लीला कसंतरी वाटलं होतं. बाकीची अर्धी, जिंकलोच आहो म्हणून, कापूस वेचायला गेलती.

सासूबाईंनी घागर पुन्हा उचलली आणि नाल्याकडे निघाल्या. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. पुढच्या निवडणुकीपर्यंत मामाजी अनवाणीच राहिले, ऊन म्हणू नका, काटे म्हणू नका. आणि पुन्हा उभे राहिले.

मी लगेच नवी वही घेऊन सेलूला हजर झालो. मामाजींनी मला पाटावर बसवलं, चहा दिला, हात जोडले.

"जावईबापू, एक मागणं आहे. नाई म्हणू नका."

"सांगा ना, मामाजी."

"या बारीले किसनचं गणित करून देजा."

मी दिलं. त्या विहिरीचं पाणी फार गोड आहे.