अक्कांचा तांब्या

निवडणुकीच्या प्रशिक्षणात साहेब बोलायला लागले, की कुसुमअक्का पिशवीतून तांब्या काढून वरून घटाघटा पाणी प्यायच्या. सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं. पिंप्राळ्याच्या शाळेत त्या मला वरिष्ठ. पहिल्या चार निवडणुका त्यांनीही आम्हा बायकांच्या रीतीनं काढल्या होत्या: केंद्रावर बायकांची सोय नसते, म्हणून आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. पुढे मूतखड्यापायी एक मूत्रपिंड गेलं. तेव्हापासून हा तांब्या.

नव्वदीच्या सुरुवातीला, ऐन उन्हाळ्यात, धरणगावकडच्या एका खेड्यात आमची दोघींची ड्यूटी लागली. अक्का बोटांना शाई लावत होत्या, मी यादीत नावं शोधत होते. दुपारी माझे ओठ चिकटायला लागले. अक्कांनी तांब्या पुढे सरकवला. "पे पोरी. बठ्ठा पुरुष पेतस, आपलंच नरडं कोरडं कसाले?"

मी प्याले आणि तासाभरात व्हायचं ते झालं. शाळेत आडोसा नव्हता. पुरुष भिंतीमागे जात होते. केंद्राध्यक्ष म्हणाले, "मतदान चालू असताना जागा सोडता येणार नाही. रिपोर्ट करीन."

अक्कांनी शाईची बाटली त्यांच्यासमोर ठेवली. "करा. तोवर शाई लावा." मग दारात जाऊन रांगेतल्या बायांना सरळ विचारलं, "मायहो, लघवीले जानं शे. कोनं घर जवळ शे?"

एक म्हातारी रांग सोडून पुढे आली. "चाला. मत काय पळी जास का?" तिच्या न्हाणीतून आम्ही परत आलो, तर केंद्राध्यक्षांची पाचही बोटं जांभळी. मला हसू आवरेना.

नोटीस मात्र एकट्या अक्कांना आली. मला आपणच नेलं, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. हेडमास्तर काकुळतीला आले. "अक्का, चक्कर आली असं लिहा. नोकरीवर बेतेल."

"चक्कर नव्हती आली," अक्का म्हणाल्या. त्यांनी उत्तर लिहिलं: 'लघवीस गेले होते. पुढच्या वेळीही जाईन.' त्यांची वेतनवाढ वर्षभर थांबली. मला फार लाज वाटली. त्यांना जराही नाही.

काही वर्षांनी दुसरं मूत्रपिंडही थकलं. डॉक्टरांनी दिवसाला दोनच पेले पाणी ठरवून दिलं. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा माझ्या पर्समध्ये पुन्हा निवडणुकीचा आदेश होता. अक्कांनी तो पाहिला. "तांब्या घर शे. लई जाय." जाताना मी तो त्यांच्या घरून घेतला.

त्याच आठवड्यात त्या गेल्या. प्रशिक्षणात साहेब बोलायला लागले तसा मी तांब्या काढला, वरून घटाघटा प्याले आणि उभी राहिले. "साहेब, केंद्रावर बायकांची सोय कुठे केली आहे, ते आधी सांगा."

उत्तर मिळेपर्यंत मी बसले नाही.