सोमवारचं कारण

दिंद्रुडच्या दूध संकलन केंद्राचा प्रोग्रॅम मी एकटीनं लिहिला, एकटीनंच सांभाळला, आणि आता मला त्याचा वीट आला होता. कुणी दूध घातलं, फॅट किती लागली, खाडा न करता रोज दूध घालणाऱ्यांच्या 'नियमित' यादीत कुणाचं नाव राहील, सगळं त्यात. कुठं काही अडलं की पहाटे फोन मलाच. तशात आमच्या गावाहून, युसूफ वडगावहून, भावाचा फोन आला, "ताई, आईच्या ध्यानात काई राहीना. तुला अजून वळखती. लवकर ये."

केंद्राच्या चेअरमनना सांगितलं, मी चालले. ते म्हणाले, "जावा की. पर समदं लिहून ठिवा, नव्या माणसाला कळंल असं."

नवा माणूस शहरात वाढलेला, हुशार. माझा कोड स्वच्छ आहे असा मला अभिमान होता. नावं सरळ, एका फंक्शनला एकच काम. त्याचा पहिलाच प्रश्न आला, "मॅडम, सोमवारचा खाडा का धरत नाही? चूक आहे ना ही?" चूक कसली, डोंबल! इथली कितीतरी घरं महादेवाचा वार म्हणून सोमवारी दूध विकत नाहीत. तो खाडा धरून त्यांची नावं यादीतून उडाली तर केंद्रावर रामायण होईल. कोड काय करतो ते कोडमध्ये दिसतं. का करतो, ते लिहावंच लागतं. लिहिलं.

मग अशी कारणं संपेचनात. म्हैस व्याली की चीक केंद्रावर घेत नाहीत, म्हणून ते दिवसही खाडा नाहीत. एकाच नावाची, एकाच बापाच्या नावाची दोन माणसं आहेत, म्हणून नावावरून शोधायचं नाही. एक लिहिलं की दुसरं आठवायचं. अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही, तोच माझा रोग. भाऊ फोन करायचा, मी म्हणायचे, "एवढं झालं की निघतेच." पाठ भरून यायची, डोळे चुरचुरायचे, आणि दिवस तसाच जायचा.

शेवटी निघाले. एसटीत बसले तेव्हा नव्या माणसाचा मेसेज आला, 'सगळं कळलं मॅडम, एकही शंका नाही.' बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आईनं दारातच ओळखलं. "किती वाळलीस गं. लई दमलीस का?" मी तिच्या मांडीवर डोकं टेकलं आणि ती दिवेलागणीपर्यंत केसांतून हात फिरवत राहिली. सकाळी तिच्या हातात चहा दिला, तर माझ्याकडं बघून म्हणाली, "बस की बाई. तू कुणाची?"

मला एक संध्याकाळ मिळाली. बाकीच्या मी सोमवारचं कारण लिहिण्यात घालवल्या.