मेजरांची बसायची जागा

मलकापुरात इंटिरिअर डिझाइनचं ऑफिस थाटलं तेव्हा धंद्याचं गणित मला अगदी सोपं वाटायचं. जितकं फर्निचर, तितकी कमाई. आमच्याकडे डिझाइनचे वेगळे पैसे कुणी देत नाही. कागदावरच्या रेघांचे कसले पैसे, असं लोक तोंडावर विचारतात. त्यामुळे सगळी भिस्त चौरस फुटावर. गिऱ्हाइकाला एक कपाट हवं असलं की मी दोन दाखवायची. आमचे सुतार मिस्त्री आणि त्यांची माणसं माझ्या भरवशावर आहेत, असं स्वतःला सांगायची. ते खरंही होतं आणि सोयीचंही.

अशात मेजर आले. मेजर म्हणजे हुद्द्याने नव्हेत; आमच्या भागात फौजेतून घरी आलेल्या कुणालाही मेजरच म्हणतात. उभं आयुष्य सरहद्दीवर काढून ते नुकतेच निवृत्त झाले होते. पाटण रस्त्याला गावात घर, मागे ऊस. खुर्चीत ताठ बसून त्यांनी हुकूम सोडला: सगळं घर फोडायचं आणि एकदम टकाटक करायचं. हॉलला फॉल्स सीलिंग, स्वयंपाकघरात ट्रॉल्या, ओटासुद्धा नवा. पावसाळ्याचे दिवस, कामं थंडावलेली. मेजर गेल्यावर मिस्त्री म्हणाले, देव पावला. मलाही तसंच वाटलं.

मापं घ्यायला गेले आणि पंचाईत झाली. घर चांगलं होतं. मेजरांच्या माघारी त्यांच्या बायकोने, वहिनींनी, ते आपल्या हाताला येईल असं बसवत आणलं होतं. परात, काटवट, पिठाचे डबे, जिथे हात जाईल तिथे वस्तू. ओट्याची उंचीही वहिनींनी गवंड्याच्या मागे उभं राहून स्वतःच्या मापाने करून घेतली होती. फोडण्यासारखं मला काही दिसेना, आणि धंद्याच्या दृष्टीने ही वाईटच गोष्ट.

मेजर मात्र चुका दाखवत माझ्यामागे फिरत होते. हा डबा इथं का, ती मांडणी तिथं का. वहिनी चहा ठेवता ठेवता ऐकत होत्या. आधी मला मेजरांचा रागच आला. मग लक्षात आलं, हा माणूस एका जागी टिकतच नाही. हॉलमधला सोफा पाहुण्यांचा. स्वयंपाकघरात उभे राहिले की वहिनींना वाट मागावी लागे, आणि लगेच अंग चोरून ते बाहेर. मुलं पुण्याला, त्यामुळे बोलायलाही कुणी नाही.

"मेजर, दिवसभर तुम्ही बसता कुठं?" मी विचारलं.

गेटाजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे त्यांनी एकदा पाहिलं. सुट्टीवर यायचो तेव्हा बरं होतं म्हणाले, पै-पाहुण्यांत सुट्टी कधी सरायची तेही कळायचं नाही. मला फार वाईट वाटलं.

ते फोन घ्यायला बाहेर गेले तेव्हा वहिनी बोलल्या. शिरवळच्या एका कारखान्यात सिक्युरिटीची नोकरी चालून आली होती. तिकडेच राहायचं, सवड मिळेल तसं घरी यायचं. घराचं काम काढलं तर ते थांबतील, एवढ्यासाठी वहिनी तोडफोडीलासुद्धा तयार झाल्या होत्या.

"आवं ताई, फोडा काय फोडायचं ते," त्या म्हणाल्या. "माणूस घरात ऱ्हायला म्हंजे झालं. पर काम संपल्यावर काय, ते मला कळंना."

परतीच्या रस्त्यावर माझ्या मनात चांगलीच भांडाभांडी झाली. काम घेतलं असतं तर पावसाळा निभावला असता आणि मेजरही खूश झाले असते. झोप मात्र मला लागली नसती. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले आणि सांगितलं, घर फोडायचं नाही. स्वयंपाकघराला लागून धान्याची खोली आहे, मधली अर्धी भिंत तेवढी काढू. कणग्या मागे सरकवू, उसाच्या बाजूच्या खिडकीखाली रुंद, ठेंगणी बैठक करू. ती तुमची. आणि या सल्ल्याची मी फी घेणार. हे शेवटचं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं.

"घर न फोडायचं पैसं घेणार तुमी?" मेजर म्हणाले.

"हो. ते कळायलाच तर शिकलेय."

त्यांना ते मुळीच पटलं नाही. शिवाय बायकांच्यात, चुलीपाशी कोण बसतं, लोक काय म्हणतील, असंही सुरू झालं. वहिनींनी ओटा पुसायचं थांबवलं.

"बसा की," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं समद्यांचं झाल्यावर मी एकटीच जेवत आले."

मेजर उठले आणि धान्याच्या खोलीत जाऊन कणग्या किती मागे सरकतील ते बघू लागले. मिस्त्री मात्र माझ्यावर रुसले, कारण महिन्यांचं काम मी दिवसांवर आणलं होतं. तो पावसाळा आम्ही दुकानांचे काउंटर आणि शाळेची बाकं दुरुस्त करून काढला. तरी तेव्हापासून मी पहिल्या भेटीची फी सांगते आणि त्या भेटीला मापाची टेप नेत नाही. काही गिऱ्हाइकं त्यावरून उठून जातात. जी थांबतात, त्यांना गरज नसलेलं कपाट विकायची पाळी माझ्यावर येत नाही. ऑफिसात हाताखाली आलेल्या मुलींनाही मी हेच शिकवते, आणि त्या सुरुवातीला माझ्याकडे मेजरांसारख्याच बघतात.

बैठक पूर्ण झाली त्या दुपारी मी गेले, तर मेजर तिथे मांडी घालून बसले होते. वहिनींनी न विचारताच त्यांच्यापुढे लसणाचं ताट सरकवलं होतं आणि ते मन लावून सोलत होते. तेवढ्यात शिरवळचा फोन आला. वहिनींची पळी भाजीत तशीच थांबली.

"न्हाई जमायचं, साहेब," मेजर म्हणाले. "घरी काम चालू हाय."

पलीकडून किती दिवस, असं विचारलं असावं.

"लय दिवस चालंल," ते म्हणाले आणि पुन्हा लसूण सोलायला लागले.

वहिनींनी तोंड भिंतीकडे करून मला जेवूनच जायला सांगितलं. बाहेर मिस्त्री टेम्पोत हत्यारं भरत होते. काम सकाळीच संपलं होतं.