कारखान्याची सळई

लिफ्ट आधी आली आणि छत मोजायचं नंतर सुचलं. गाडी उचलायची लिफ्ट, दोन खांबांची, पुण्यातल्या एका बंद पडलेल्या गॅरेजमधून आणलेली. टेम्पोतून उतरवून खांब उभे करायला गेलो तर ते सरळ उभेच राहीनात. खांब बारा फुटी, आणि आमच्या छपराखालची लोखंडी सळई दहा फुटांवर. बायको उंबऱ्यात उभी राहून बघत होती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, एवढंच म्हणून ती आत गेली. माझा राग नाकावर असतो हे तिला पाठ आहे, त्यामुळे ती उत्तराला थांबत नाही.

उतावीळ व्हायला कारण होतं. पस्तीस वर्षं मी गाड्यांखाली पोतं टाकून, पाठ टेकून काम केलं आणि शेवटी मणक्यानं हात टेकले. डॉक्टर म्हणाले, यापुढं जमिनीवर झोपून काम बंद, उभ्यानं करा. म्हणजे गाडी वर गेली पाहिजे, नाहीतर गॅरेज बंद. आणि काम बंद झालेला माणूस कसा दिसतो ते मी घरातच पाहिलं होतं. याच जागेत वडलांचे माग होते. आमच्याकडं मागाच्या शेडला कारखाना म्हणतात, मग आत चारच माग का असेनात. माग विकल्यावर वडील सात वर्षं या कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसले. सकाळी सातला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे आणि रस्त्याकडं बघत राहायचे. मला त्या खुर्चीची भीती वाटते.

शेडची रचना साधी आहे. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, वर दोन्हीकडं उतरतं पत्र्याचं छप्पर, आणि छपराखालून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेल्या अंगठ्याएवढ्या जाड तीन सळया. या सळया मागवाल्यांनी सामान टांगायला लावल्या असं आमच्या गल्लीत सगळेच धरून चालतात. वडील त्यांना ट्यूबलाइट टांगायचे, सुताच्या पिशव्या टांगायचे, तान्हेपणी माझी झोळीसुद्धा मधल्या सळईला होती. त्यामुळे माग गेले की मागोमाग सळयाही भंगारात जातात, आणि कुणाला काही वाटत नाही.

वेल्डिंगवाले चाचा बघायला आले. मधल्या सळईखाली उभे राहून त्यांनी मान वर केली. "हिचं आता कामच काय हाय? शेजारच्या तिन्ही कारखान्यातल्या मीच कापल्यात की." मला हेच ऐकायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते लाकडी घोड्यावर चढले आणि मी त्यांच्या हातात ग्राइंडर दिला.

ग्राइंडरचा पहिला आवाज ऐकून अम्मा बाहेर आली. माझी आई ऐंशीच्या घरातली. तिची खोली कारखान्याला लागूनच, आणि मधल्या भिंतीला टेकून तिची बाज. याच शेडमध्ये तिनं चाळीस वर्षं सुताच्या कांड्या भरल्या, वडलांच्या मागाचे तुटलेले धागे जोडले. आम्ही घरात तेलुगू बोलतो. काय चाललंय, असं तिनं तेलुगूत विचारलं. मी सांगितलं. कापण्याआधी सळई जरा वाजवून बघा, असं ती म्हणाली. माझं डोकं आधीच तापलं होतं, वरून पत्रे तापायला लागले होते, आणि जिभेला हाड नसतं.

"अम्मा, हे मागाचं काम नाही. तू आत जा."

चाचांना भाषा कळली नाही, पण सूर कळला असावा. ते पत्र्याकडं बघायला लागले. अम्मा आत गेली नाही. ती माझ्याकडं न बघता मराठीत चाचांशी बोलू लागली. भाई, त्या सळईवर जरा पाना मारा की, हळू मारा. चाचांनी मारला. सळई टण्ण वाजली आणि बराच वेळ वाजत राहिली. मग अम्मानं त्यांना शेजारच्या लोखंडी पट्टीवर मारायला सांगितलं. ती पट्टी वडलांनीच पंख्यासाठी बसवली होती, पंखा कधीच गेला होता. ती ठक् करून गप्प झाली.

"ढिला धागा वाजत न्हाय," अम्मा म्हणाली. "ही वाजती. म्हंजे ही कशाला तरी धरून हाय."

चाचा ग्राइंडर घेऊन खाली उतरले. मला राग आला, आणि लगेच लाजही वाटली. लोक सांगोल्याहून, माढ्याहून माझ्याकडं गाडी आणतात ती माझ्या कानासाठी. इंजिन नुसतं ऐकून मी दोष सांगतो. आणि डोक्यावरची सळई मला ऐकावीशी वाटली नव्हती.

एका जुन्या गिऱ्हाइकाची मुलगी इंजिनिअर आहे, बांधकामाची. तिला बोलावलं. तिनं भिंतींना ओळंबा लावून पाहिला, शिडीवर चढून सळईची टोकं तपासली. छप्पर दोन्ही भिंतींना सतत बाहेर ढकलतं, ती म्हणाली, आणि या सळया त्यांना आत धरून ठेवतात. शेजारच्या तिन्ही शेड कशा उभ्या आहेत, मी विचारलं. ती तिथंही जाऊन आली. त्या लोकांनी आत खोल्या करताना सळयांच्या जागी आडव्या भिंती घातल्या होत्या, नकळत वाचले होते. आमची शेड मोकळी. सळई कापल्यावर लगेच पडली नसती, ती म्हणाली, एखाद्या वाऱ्याच्या दिवशी पडली असती. मग एका भिंतीकडं बोट करून तिनं विचारलं, "काका, त्या भिंतीपलीकडं काय आहे?"

अम्माची बाज, मी म्हणालो. मी बाहेर जाऊन दारातल्या वडलांच्या खुर्चीत बसलो.

काम दीड महिना चाललं. लिफ्टच्या जागेच्या दोन्ही बाजूंना नवे पाये घेऊन लोखंडी चौकटी उभ्या केल्या, भिंती त्यांना बांधल्या, तेवढ्या भागातलं छप्पर टेकूंवर घेऊन तीन फूट उचललं. खांबांखालची जमीन खणून काँक्रीट ओतलं. मी इंजिनिअर पोरीला रोज विचारायचो, अजून किती दिवस, आणि ती रोज तेवढेच दिवस सांगायची. सगळा भार चौकटींवर गेल्यावर तिनं चाचांना सळईचा नट सैल करायला सांगितला. चाचांनी कापण्याआधी आपणहून पाना मारला आणि खाली अम्माकडं बघितलं. सळई ठक् वाजली. अम्मानं मान हलवली. मग सळई कापली.

लिफ्ट बसवून फिटर गेले त्या दिवशी मी आधी स्वतःची गाडी चढवली. बटण दाबलं, गाडी वर गेली, तिला वर धरून ठेवणारी खांबांतली कुलपं खटकन बसली. वर अजून हातभर जागा शिल्लक होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी गाडीचं पोट उभ्यानं बघत होतो, आणि मला लहान मुलासारखा आनंद झाला. मी गाडीखाली जाणार, एवढ्यात अम्मा धागे कापायची कात्री घेऊन आली. दोन्ही बाजू सारख्या उचलाव्यात म्हणून या लिफ्टला दोन पोलादी दोर असतात, खांबांच्या कडेनं गेलेले. तिनं गाडीखाली न जाता बाहेरूनच एका दोरावर कात्री हळूच आपटली. मग दुसऱ्या खांबाकडं जाऊन तिथल्या दोरावर आपटली. पहिला टण्ण वाजला होता, हा नुसता ठक् वाजला. मलाही ऐकू आलं होतं, दुसरा ढिला होता.

मी गाडी खाली घेतली. दुसऱ्या दोराचा नट दोन आटे आवळला, पाना पुसून ठेवला आणि गाडी पुन्हा वर चढवली. अम्मा कात्री हातात धरून उभीच होती.

"अम्मा," मी म्हणालो, "आता परत वाजवून बघ."