पाण्याला न शिवलेली गाडी

गुप्त्यांची गाडी कुठे असते म्हणून विचारलंत, तर पनवेलचा रिक्षावाला आधी हसायचा आणि मग पत्ता सांगायचा. दीनानाथ गुप्ते हे पाटबंधारे खात्यातले निवृत्त हेडक्लार्क. सबंध नोकरी धरणांच्या फायलींत गेली, धरण मात्र पाहिलं ते ऑफिसच्या सहलीत. १९९९ला निवृत्त झाले आणि खंडाळ्याच्या एका बंद बंगल्यातून ही गाडी घेऊन आले. जर्मन बनावटीची, १९६४ची. रस्त्यावर मोटार, पाण्यात होडी, आणि पाणी कापायला मागे दोन पितळी पंखे. मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसली होती, तिला उठवून गाडी आणली, असं त्यांच्या पत्नी सुनंदाबाई सांगत. बाई नदीकाठच्या मुलींच्या शाळेत शिकवत. नवरा निवृत्त झाला की केरळ बघायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. "आता आगगाडीने कशाला? आपल्या गाडीने समुद्रातून जाऊ," दीनानाथ म्हणाले. एवढी हुशार बाई, पण तिने विश्वास ठेवला.

पुढची सहा वर्षं गाडीची बडदास्त राखण्यात गेली. तिला तेरा ठिकाणी ग्रीस भरावं लागे आणि तेराव्या ठिकाणासाठी मागची सीट उचकटावी लागे. दर रविवारी दीनानाथ ती उचकटत, आणि परत बसेपर्यंत वरच्या मजल्यावर जेवणं निवून जात. दारांच्या रबराला खोबरेल, पंख्यांना चिंच. आमटीत चिंच नसे, पण पंखे देव्हाऱ्यातल्या समईसारखे लखलखत. मग दहा मिनिटं इंजिन चालू करायचं. तो धूर तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या वाळत घातलेल्या कपड्यांत जाऊन बसे. सगळं केलं या माणसाने. गाडी पाण्यात घालायची तेवढी राहिली.

दर नारळी पौर्णिमेला करंज्याच्या बंदरात गाडी उतरवायचं जाहीर होई. एका वर्षी भरती जास्त निघाली, एका वर्षी कमी, एकदा तर म्हणे वाराच बरोबर नव्हता. नारळ मात्र दरवर्षी बॉनेटला टेकवून शेजारच्या दगडावर फुटे. दारावर मासळी विकायला येणाऱ्या गोदूबाई एकदा हे बघत उभ्या राहिल्या.

"भाऊ, नारल दर्याला देत्यान. गारीला कनाला? नि होरी सुकी ठेवली का ती फाटतं."

"ही लोखंडाची आहे. फाटत नाही."

"मंग ती होरी नाय," गोदूबाई म्हणाल्या आणि पाटी डोक्यावर घेऊन चालू लागल्या.

२००५च्या जुलैत मात्र पाणी स्वतःच पनवेलात आलं. नदी फुगली, दुपारपर्यंत सोसायटीच्या आवारात गुडघाभर पाणी झालं आणि तेवढ्यात सुनंदाबाईंचा फोन आला, शाळेतून.

"शाळेत पाणी शिरलंय. सात मुली राहिल्यात, कुणाच्या घरचं पोचलेलं नाही. गाडी घेऊन या."

"अगं, दारांचं रबर जर्मनीहून यायचंय."

"इंजिन चालतंय ना?"

"चालतंय, पण हे गटाराचं पाणी गं. रंगाची वाट लागेल."

"अहो, मी बाकावर उभी आहे," बाई म्हणाल्या, आणि फोन कटला.

रबराला काही झालेलं नव्हतं. रविवारीच त्यांनी हाताने खोबरेल चोळलं होतं. खरी गोष्ट अशी की दीनानाथ घाबरले होते. सारं पनवेल त्यांना हसत होतं, पण हसणाऱ्यांनाही गाडी तरंगते हे खरंच वाटत होतं. ती बुडाली तर तेवढंही उरणार नव्हतं. तरी ते किल्ली घेऊन खाली गेले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. इंजिन एका फटक्यात सुरू झालं. मग फाटकातून एक सिलिंडर आणि कुणाची तरी चप्पल वाहत आत आली, पाण्याचा रंग दिसला, आणि दीनानाथांनी इंजिन बंद केलं. कुणीतरी सोडवेल त्यांना, सरकार काय झोपलंय का, असं ते मोठ्याने म्हणालेसुद्धा. ऐकायला कुणी नव्हतं.

पाणी कमरेला लागलं तेव्हा गाडी आपली आपण तरंगू लागली. अगदी अलगद, बदकासारखी. आत एक थेंब नाही. दुसरा कुणी असता तर नाचला असता. दीनानाथांनी तिला दोन्ही हातांनी मागे ओढलं, कारण गाडी कुंपणाच्या भिंतीकडे चालली होती आणि भिंत खरबरीत होती. त्यांनी कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणली आणि गाडी पंपाच्या खोलीच्या गजाला बांधली. तरी ती हिंदकळतच होती. मग ती खाली बसावी म्हणून ते आत वजन टाकू लागले. आधी विटा, मग कुंड्या, मग वर जाऊन सुनंदाबाईंचा पाटा घेऊन आले. सहा वर्षं पाण्यात घालायची म्हणून जपलेली गाडी हा गृहस्थ पाण्यात स्वतःच्या हाताने बुडवत होता, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला फाटकातून होडी आत आली. कोळीवाड्यातला काशिराम वल्हवत होता. सातही मुली दाटीवाटीने बसल्या होत्या आणि मध्ये सुनंदाबाई, गळ्यापर्यंत चिखलाने माखलेल्या. दीनानाथ एका हाताने दोरी ओढून धरून दुसऱ्या हाताने पाटा गाडीत सरकवत होते. काशिरामचं वल्हं थांबलं.

"बाय, यो मानूस कोन हाय? गारीत धोंडं कनाला भरतं?"

सुनंदाबाईंनी एकवार नीट बघितलं.

"काय माहीत," त्या म्हणाल्या. "असतील सोसायटीतले कुणी. तू जिन्याला लाव होडी."

एकेक मुलीला हात देत त्या जिना चढून गेल्या. दीनानाथ हाक मारणार होते, पण दोरी हातातून सुटायला लागली, म्हणून त्यांनी आधी दोरी धरली.