पाचवी पिन

देवानं वाचवलं, असं लोक सहज म्हणतात. मला ते कधी म्हणवलं नाही, कारण कशातून वाचवलं हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं.

मी हवाई दलात लढाऊ विमानांच्या आसनांवर काम करायचो. संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारं ते आसन. जमिनीवर ते चुकून उडू नये म्हणून त्यात पाच पिना खोचलेल्या असतात, प्रत्येकीला लाल पट्टी. उड्डाणाआधी त्या काढायच्या आणि वैमानिकाला दाखवायच्या. डोक्यामागची पिन त्याला बसल्या जागी दिसत नाही. तिथं तो आमच्या हातावर विसंबतो. त्या दिवशी आई परभणीला दवाखान्यात होती, माझं मनही तिथंच. मी लाल पट्ट्यांचा झुबका उंच धरला, विमानात बसलेल्या वैमानिक साहेबांनी अंगठा दाखवला. मी पिना मोजल्या नव्हत्या.

इतक्यात धावपट्टीवर टिटव्या उतरल्या आणि पक्षी इंजिनात जाऊ नयेत म्हणून विमान आमच्यासमोरच थांबवून ठेवलं. आमच्या सेलूकडं टिटवी ओरडणं अभद्र मानतात. आईचं काही झालं, असंच वाटलं. हातातल्या पिना खाली सांडल्या. उचलताना चारच भरल्या. पाचवी अजून आसनातच होती, साहेबांच्या डोक्यामागं. खूण करून शिडी लावली, पट्टा नीट करतो असं खोटं सांगितलं आणि पाचवी पिन मुठीत लपवून उतरलो. टिटव्या उडाल्या, विमान गेलं. काही मिनिटांतच त्याचं इंजिन बंद पडलं. साहेब आसनासकट बाहेर फेकले गेले आणि हवाई छत्रीनं एका शेतात जिवंत उतरले.

तुझ्या हातांमुळं जगलो, म्हणत त्यांनी मला मिठी मारली. दरवर्षी त्या दिवशी त्यांचा फोन यायचा, पण पिनेचं मी कधी बोललो नाही. निवृत्त होऊन सेलूला आलो, रोज मारुतीपुढं कबुली द्यायला लागलो. एकदा बायकोनं ऐकलं. म्हणाली, “देवाला रोज सांगायलात. त्याला तर माहीतच हाय. ज्याला माहीत न्हाई त्याला सांगा की.”

यंदा फोन आला तेव्हा सगळं सांगितलं. मग साहेब हळूच म्हणाले, “बघायचं काम माझंही होतं. मी तरी कुठं मोजल्या?”

मग त्या दिवशी मोजत कोण होतं? मी विचारत नाही. आपलं काम चोख करावं आणि जिथं आपला हात कमी पडतो, तिथलं देवाला दिसतंय एवढं जाणून असावं. माळावर टिटवी ओरडली की बायको अजून दार लोटून घेते. मी मात्र अंगणात येतो आणि हात जोडून उभा राहतो.